हात लावू नये

गल्लीत त्यांना सगळे पुसनीस म्हणत. जगात चिटणीस असतात, फडणीस असतात, तसे हे पुसनीस. हे नाव फोटो स्टुडिओच्या मालकांनी ठेवलं आणि ते इतकं चपखल बसलं की खरं आडनाव दाराच्या पाटीवर तेवढं उरलं. माणसाचा धंदाच पुसण्याचा. एकेचाळीस वर्षं ते स्टुडिओच्या पोटमाळ्यावर रिटचिंगच्या उतरत्या मेजापुढे बसले आणि लोकांच्या चेहऱ्यावरचं जे जे लोकांना नको होतं ते पुसत राहिले. मुरमं, सुरकुत्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, एका वकिलाची तर अख्खी दुसरी हनुवटी. वकीलसाहेब फोटो हातात घेऊन म्हणाले, "वा, अगदी हुबेहूब!" पुसनीसांनी हसू मिशीतच दाबलं.

तेव्हा फोटो काळे-पांढरे. कॅमेऱ्यातून निघायची ती पोस्टकार्डाएवढी निगेटिव्ह, तिच्यावर काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं झालेलं. मेजात दुधी काच बसवलेली, खाली आरसा. आरसा खिडकीतला उजेड वर फेकायचा आणि काचेवर ठेवलेला चेहरा उजळायचा. हत्यारं दोनच. फोटोत जे काळं दिसतं, म्हणजे सुरकुती, तीळ, सावली, ते निगेटिव्हवर कोरं असतं. तिथे टोकदार पेन्सिलीने बारीक टिंबं भरली की ते गेलं. आणि फोटोत जे पांढरं चमकतं, म्हणजे घामाची चकाकी किंवा पिकला केस, ते निगेटिव्हवर काळं साचलेलं असतं. ते चाकूच्या पात्याने हलक्या हाताने खरवडायचं. या दोन हत्यारांत एक फरक होता आणि तो पुढे लागणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. पेन्सिल टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसली जाते. चाकूने खरवडलेलं परत येत नाही.

प्रत्येक निगेटिव्ह पाकिटातून यायची आणि पाकिटावर 'सूचना' अशी एक ओळ असायची. गिऱ्हाईक जे सांगेल ते मालक तिथे लिहीत. 'तीळ राहू द्यावा.' 'गाल भरावेत.' 'टक्कल शक्य तेवढं कमी.' एकदा तर 'नवरा थोडा उंच करावा.' पाकिटं टोपलीत घालून दोरीने पोटमाळ्यावर चढवली जायची, कारण शिडी चढायची म्हणजे मालकांना धाप लागायची. पहिल्याच दिवशी मालकांनी खालून ओरडून धडा दिला होता, "चेहऱ्याकडे बघत बसू नका हो. डाग बघा, डाग!" पुसनीसांनी तो धडा जन्मभर गिरवला, आणि त्यांच्या जन्माचं जे काही वाटोळं झालं ते त्यातूनच झालं असं माझं मत आहे.

त्यांना एकच मुलगी. जन्मली तीच वरच्या ओठाला फट घेऊन. काही महिन्यांची असताना डॉक्टरांनी ओठ शिवला, छान शिवला, पण व्रण राहिला. पुसनीस तिला ठिपकी म्हणत. दिवसभर दुसऱ्यांचे ठिपके पुसून घरी आलो की ही एक ठिपकी तेवढी ठेवायची, असं ते कौतुकाने सांगत. बोलायला गोड होतं. दर वाढदिवसाला ते तिला स्टुडिओत नेत, खुर्चीत बसवत, मालक फोटो काढत आणि दुसऱ्या दिवशी पोटमाळ्यावर पुसनीस तिचा व्रण काढून टाकत. त्यात त्यांना काही गैर वाटलं नाही. परक्या माणसांसाठी जे आपण इतक्या मन लावून करतो ते पोटच्या पोरीसाठी करायचं नाही, हा कुठला न्याय, असंच त्यांना वाटत होतं.

घरच्या भिंतीवर असे सतरा फोटो. सतराही ओठ गुळगुळीत. शेवटचा तिला सतरावं चालू असतानाचा. त्यानंतर ती कॅमेऱ्यापुढे कधी बसली नाही. शिकली, दूरच्या गावी शाळेत शिकवायला लागली आणि तिथेच बाविसाव्या वर्षी चार दिवसांच्या तापाने गेली. आईबाप पोचले तेव्हा शेजारणीने तिची कॉट आवरूनसुद्धा ठेवली होती. शाळेत एक ग्रुप फोटो होता, त्यात सगळ्या शिक्षिका होत्या, ही नव्हती. फोटोच्या दिवशी तिने रजा घेतली होती म्हणे.

या गोष्टीला आता सदतीस वर्षं झाली. पुसनीस ऐंशीला टेकले. बायकोने जन्मभर बालवर्गाला शिकवलं, म्हणून गल्ली तिला बाई म्हणते. आपणही तेच म्हणू. बाईंना काचबिंदू झाला. नजर कडेकडेने झिजत आत आली आणि आता एखाद्या नळीतून पाहावं तेवढंच मधोमध दिसायचं. समोर माणूस उभा राहिला तर एक डोळा दिसे, नाहीतर एक कान. डॉक्टरांनी या खेपेला आडपडदा ठेवला नाही. म्हणाले, "आहे तेवढं दोन-तीन महिने धरा. पुढचं मी सांगू शकत नाही."

घरी येऊन बाईंनी चपला काढल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "अहो, मला ठिपकीला बघायचंय. एकदा. हे जायच्या आधी."

"मग बघ की. भिंतीवर सतरा ठिपक्या लावून ठेवल्यात."

"त्यातली एकही माझी नाही," बाई म्हणाल्या. "ती तुमच्या पेन्सिलीची. माझीच्या ओठावर टाका होता. इथे, डावीकडे."

"उजवीकडे," पुसनीस म्हणाले.

ते बोलून गेले आणि बाईंचा चेहरा बदलला. बाई आवाज न चढवता बोलल्या, आणि त्या आवाज चढवत नाहीत तेव्हाच खरी भीती वाटते. "चमच्याने दूध पाजायचे मी तिला. फटीतून गळायचं. ते कुठल्या बाजूने गळायचं ते तुम्ही मला सांगणार? डावीकडे होता. इतकं पुसलंत तिला, इतकं पुसलंत की स्वतःलाच आठवेना झालं!"

पुसनीसांनी चष्मा काढला. त्यांनी डोळे मिटून ठिपकीला आणायचा प्रयत्न केला. ती आली, पण व्रण कधी या बाजूला, कधी त्या बाजूला. त्याचं कारणही त्यांना ठाऊक होतं. पेन्सिल धरते ती निगेटिव्हची मऊ बाजू, आणि त्या बाजूने चेहरा उलटा दिसतो, आरशातल्यासारखा. सोळा-सतरा वर्षं घरात तिला सुलटी पाहिली, पण निरखून पाहिली ती मेजावर, उलटी. परकं गिऱ्हाईक असतं तर ही धंद्यातली गंमत म्हणून सांगितली असती. पोटच्या पोरीच्या तोंडावरची एक खूण, आणि बापाला बाजू सांगता येत नाही. ऐंशी वर्षांच्या त्या माणसाला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

जरा वेळाने बाई जाग्यावरून उठल्या, चाचपडत भिंतीपाशी गेल्या आणि शेवटच्या फोटोच्या चौकटीवर हात ठेवून म्हणाल्या, "या एकात हसली तरी आहे. तेवढ्यावर काढली मी सदतीस वर्षं. त्या दिवशी तरी हसली होती." मग परत येऊन बसल्या. "निगेटिव्ह असतील ना हो कुठे? पेन्सिल निघते म्हणायचात तुम्ही."

"निघते," पुसनीस म्हणाले.

"मग आणा. आणि या वेळी काही करू नका तिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्टुडिओत गेले. मालक जाऊन जमाना झाला होता. मधली काही वर्षं तिथे झेरॉक्स निघत होत्या. आता मालकांच्या नातीने पुन्हा स्टुडिओ थाटला होता आणि तोही जुन्या धर्तीचा. काळे-पांढरे पोर्ट्रेट काढून मिळतील. आजोबांचा रंगवलेला पडदा तिने माळ्यावरून काढला, ती नक्षीची खुर्ची पॉलिश केली, लाकडी कॅमेरा शोभेला उभा केला आणि लोकांनी अक्षरशः रांगा लावल्या. ज्यांच्या खिशातल्या फोनमध्ये हजार फोटो पडून आहेत ती माणसं आजी-आजोबांसारखी गंभीर तोंडं करून त्या खुर्चीत बसत होती.

ती कंप्युटरपुढे होती. पुसनीसांना पाहून उठली, स्टूल दिलं. "बघा ना काका, हा कसा वाटतो?"

पुसनीसांनी चष्मा वर-खाली करून पाहिलं. "फोटो चांगला आहे. पण किती ठिपके पडलेत! ओरखडेसुद्धा. फिल्म खराब निघाली का?"

"फिल्म कुठली? ते मी टाकलेत. तीन प्रकारचे डाग आहेत, वेगवेगळे मिळतात. त्याशिवाय जुना वाटत नाही."

पुसनीसांनी कपाळाला हात लावला. एकेचाळीस वर्षं डाग काढण्यात गेली आणि ही पोरगी डाग टाकून पोट भरते. त्यांना हसू आलं, आणि त्या दोन दिवसांतलं ते एकच हसू. मग त्यांनी काय हवंय ते सांगितलं. ती ऐकता ऐकता गंभीर झाली आणि आतून एक पत्र्याची पेटी घेऊन आली. झाकणावर मालकांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'घरचे'.

पोटमाळ्यावर मेज अजून होतं. शिडी चढताना नातीने मागून हात लावला, म्हणजे टोपलीतून चढवायचे तेवढे बाकी राहिले. तिने काच पुसून दिली, आरशावरची धूळ झटकली आणि खिडकी उघडली. पुसनीसांनी पहिलं पाकीट काढलं. ठिपकी, वय वर्षं एक. 'सूचना'ची ओळ कोरी. घरच्या कामाला सूचना कशाला लागते?

निगेटिव्हवर उजेड आला आणि त्यांचा हात थांबला. ओठावर पेन्सिल नव्हती. पात्याच्या रेघा होत्या. बरोबर आहे, कोवळा व्रण चकाकतो, चकाकी निगेटिव्हवर काळी येते आणि तिला चाकूच लागतो. हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती, तरी कुठेतरी आशा होती. दुसरं पाकीट, तिसरं, दहावं, सोळावं. सोळाही ठिकाणी चाकू. बोळा फिरवून परत येईल असं तिथे काही नव्हतंच. बाजू मात्र कळली. मऊ बाजू कुठली, चेहरा कसा फिरवायचा, हे हाताला पाठ होतं. सोळाही जखमा डावीकडे. बाई बरोबर होत्या.

उरलं शेवटचं पाकीट. तारीख, मार्चची चौदा. आणि सूचनेच्या ओळीवर मालकांचं अक्षर नव्हतं. टपोरं, शाळकरी, शेवटच्या अक्षराखाली रेघ मारायची सवय असलेलं अक्षर होतं. 'हात लावू नये.'

पुसनीसांना तो दिवस आठवला, आणि आठवला तो सगळाच आठवला. वाढदिवस नव्हता. टोपली वर आली तेव्हा मालक खालून म्हणाले होते, "घरचं काम आहे पुसनीस, जरा सांभाळून!" त्यांना वाटलं, चेष्टा करतायत. पाकीट वाचून त्यांना हसूच आलं होतं. बापाला सूचना लिहितेय शहाणी! जेवताना ठिपकीने विचारलं होतं, "बाबा, पाकीट वाचलंत ना?" आणि ते "वाचलं गं, वाचलं" म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी निगेटिव्ह काचेवर ठेवली आणि हात शिवशिवला. थोडंसंच करू म्हणाले. कळणारसुद्धा नाही. संध्याकाळी फोटो तिच्या हातात दिला. तिने तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "छान झालाय, बाबा." त्यांनी तो त्याच दिवशी भिंतीवर लावला. खिळा ठोकताना ती बाजूला उभी राहून चौकट धरत होती.

त्यांनी निगेटिव्ह तिरकी धरली. ओठावर शिशाची झाक होती. पेन्सिल! सतरा वर्षांत व्रण जुना होत आला होता, उरलीसुरली चकाकीही जाऊन नुसती एक सावलीची रेघ राहिली होती, म्हणून या वेळी पेन्सिलीवर भागलं होतं. पुसनीसांनी बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवला. एकदा फिरवला, बोळ्याला राखाडी डाग लागला. दुसऱ्यांदा फिरवला. ओठावर एक कोरी, वाकडी, बारीक रेघ उमटली, नाकपुडीपासून खाली, डावीकडे.

"आली," ते म्हणाले. नातीने खांद्यावरून वाकून पाहिलं. तिला काही कळलं नाही, पण तीही "आली" म्हणाली.

बोळा कापसाचा, त्याला कुठे थांबायचं ते काय कळणार? तो ओठाच्या कोपऱ्याकडे गेला आणि तिथूनही पेन्सिल निघाली. डोळ्यांखालून निघाली, कपाळावरून निघाली. पुसनीस थोडंसंच म्हणाले होते, पण सवयीचा हात चेहराभर फिरला होता. आणि जसजशी पेन्सिल निघत गेली तसतसा ओठाचा कोपरा खाली आला. हसू पेन्सिलीचं होतं. खालची पोरगी हसत नव्हती. पापण्या सुजलेल्या होत्या, डोळ्यांखाली काळं धरलं होतं, ओठ घट्ट मिटलेले होते.

त्यांनी भिंग घेतलं. दोन्ही डोळ्यांच्या खालच्या कडेला, अगदी बारीक, पात्याच्या रेघा होत्या. तिथे काय चमकत असेल ते सांगायला भिंग लागत नव्हतं. ठिपकी रडून आली होती, खुर्चीत बसली तेव्हाही डोळे भरलेले होते, आणि तिच्या बापाने ती चकाकी म्हणून खरवडून काढली होती. डाग बघा, डाग. पुसनीसांनी भिंग खाली ठेवलं आणि मेजाची कड दोन्ही हातांनी धरून ते बसून राहिले. मला त्यांचा राग येतो आणि दयाही येते, आणि त्या क्षणी त्यांना स्वतःचा नुसता रागच आला होता.

नातीने निगेटिव्ह खाली नेऊन मशीनवर घेतली. कंप्युटरच्या पडद्यावर चेहरा सुलटा झाला, वहीच्या पानाएवढा. तिने खुर्ची जवळ ओढली. मग हळूच म्हणाली, "काका, डोळ्यांखाली हे दोन काळे ओरखडे आलेत ना, ते मी काढून देऊ? आणि सूज थोडी कमी करता येईल. आईला दाखवायचंय म्हणता... एका मिनिटाचं काम आहे."

खरंच एका मिनिटाचं काम होतं. तिला काही वाईट सुचवायचं नव्हतं. पुसनीसांनी जन्मभर जे केलं तेच ती करायला बघत होती. पुसनीसांनी पडद्याकडे पाहिलं. ओठाचा कोपरा एवढासा वर घेतला असता तर बाईंची सदतीस वर्षं शाबूत राहिली असती. टाका हवा होता, टाका मिळालाच होता. बाईंना दिसतं ते तरी किती?

"नको," ते म्हणाले. "हात लावू नको."

घरी पोचले तेव्हा दुपार होती. बाई खिडकीपाशी खुर्ची ओढून तयारच बसल्या होत्या. साडी बदलली होती, केस नीट केले होते, जणू कुणी भेटायला येणार होतं. पुसनीसांनी पाकिटातून फोटो काढून त्यांच्या हातात दिला. बाईंनी तो उजेडाकडे धरला आणि त्या नळीएवढ्या नजरेतून इंच इंच सरकवायला लागल्या. आधी वेणी आली. मग कान. मग गाल. मग फोटो थांबला.

"हीच," बाई म्हणाल्या. त्यांनी बोटाचं टोक ओठावर ठेवलं, कागदावरच्या त्या रेघेवर, आणि बोट तिथेच राहिलं. "हीच माझी. डावीकडेच होता ना?"

"डावीकडेच. माझं चुकलं."

बाईंनी मान हलवली. कितीतरी वेळ त्या त्याच जागी बघत होत्या, कागद पुढे न सरकवता. चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की पुसनीसांना वाटलं, इथेच संपू दे. मग बाईंनी विचारलं, "आणि हसतेय ना हो? मला सगळी मिळून दिसत नाही. हसतेय ना?"

एका अक्षराचं उत्तर होतं. द्यायला काहीच लागत नव्हतं, पेन्सिलसुद्धा नाही. पुसनीसांच्या जिभेवर ते आलंही.

"नाही," ते म्हणाले. "हसू मी पेन्सिलीने काढलं होतं. रडून आली होती ती. बसली तेव्हाही डोळ्यांत पाणी होतं. मला दिसलं होतं गं. चकाकी म्हणून खरवडलं मी."

बाई हलल्या नाहीत. फोटो मांडीवर आला. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. पुसनीस वाट बघत होते की आता बाई बोलतील, ओरडतील, फोटो फेकतील. एवढ्या वर्षांत जे बोलायचं राहिलं ते सगळं ऐकायला ते खुर्चीच्या हाताला धरून उभे होते.

"म्हणजे तशीच गेली होती," बाई शेवटी म्हणाल्या. "मला वाटायचं, तिथे पोचेपर्यंत तरी सावरली असेल. कपाटात माझ्या खणात पावडरचा जुना डबा आहे. आणा तो."

डब्यात बटणं होती, एक तुटकं घड्याळ होतं आणि तळाशी चार घड्या घातलेला कागद.

"वाचा. मला आता वाचता येत नाही. पण मोठ्याने वाचा."

कागद शाळेच्या मुख्याध्यापिकेचा होता. पुसनीसांनी चष्मा लावला. "सोबत येणारी विद्यार्थिनी आणि तिच्या परीक्षेच्या ओळखपत्रावरील मुलगी एकच आहे, याची मी खात्री देते. फोटोत न दिसणारी खूण, वरच्या ओठावर, डाव्या बाजूस, जुना व्रण. तरी तिला उरलेल्या पेपरांना बसू द्यावे." खाली सही, शिक्का आणि तारीख. मार्चची चौदा.

"पहिल्या पेपरला बसूच देईनात तिला," बाई म्हणाल्या. "कार्डावर तुम्ही पुसलेला तिचा सोळाव्या वर्षाचा फोटो. ते म्हणाले, ही मुलगी तू नाहीस. अख्ख्या वर्गापुढे उभं केलं, ओठाला बोट लावून विचारलं, हे फोटोत कुठाय? अर्धा तास गेला. मुख्याध्यापिका धावत आल्या तेव्हा आत घेतलं. पेपर संपल्यावर ही चिठ्ठी घेतली आणि तिथून सरळ स्टुडिओत गेली. म्हणाली, मला माझा फोटो हवाय."

पुसनीसांच्या हातातला कागद खाली येईना आणि वरही जाईना. त्यांनी विचारलं, "मला का नाही सांगितलंस? इतकी वर्षं?"

"तिने शपथ घातली होती. तुम्ही तो फोटो भिंतीवर लावलात ना, त्या दिवशी. म्हणाली, आई, बाबांना कधीच कळू देऊ नकोस. त्यांना वाईट वाटेल."

बाईंनी फोटो पुन्हा उचलला, पण या वेळी वर, डोळ्यांकडे सरकवला आणि त्या दोन काळ्या ओरखड्यांपाशी थांबवला. समोर उभा असलेला नवरा त्यांना दिसत नव्हता. फार तर शर्टाचं एखादं बटण दिसत असेल. त्या कान देऊन ऐकत राहिल्या.

"अहो," त्यांनी विचारलं, "रडताय का?"

"हो," पुसनीस म्हणाले. डोळे त्यांनी पुसले नाहीत.